करक्युमिन या हळदीतल्या रेणूचा डॉकिंग स्कोअर (रेणू प्रोटीनला किती घट्ट बसेल याचा संगणकी अंदाज; जितका ऋण तितका चांगला) −९.२ आला, तर ते ईजीएफआर या प्रोटीनवर काम करतं असं प्रोजेक्टमध्ये लिहू का?

नका लिहू. तुम्ही अल्फाफोल्ड डेटाबेसमधलं (तिथे एआयने वर्तवलेले प्रोटीनचे आकार असतात) ईजीएफआरचं अख्खं मॉडेल घेतलंत, सगळ्या प्रोटीनभोवती बॉक्स (रेणूची जागा जिथे शोधायची ती चौकट) टाकलात आणि ऑटोडॉक व्हायना हे डॉकिंगचं सॉफ्टवेअर डिफॉल्टवर चालवलंत. स्कोअरचं नंतर बघू, गडबड त्याच्या आधीच आहे.

ईजीएफआर १२१० अमिनो आम्लांचं आहे. तुम्हाला हवा तो कायनेज डोमेन (औषधं जिथे बसतात तो भाग) साधारण ६९६ ते १०२२ एवढाच. त्यापुढची शेपटी मोकळी असते, तिला ठराविक आकारच नाही, तरी अल्फाफोल्डला ती कुठेतरी काढावीच लागते. ती पॉकेटच्या, म्हणजे रेणू बसायच्या खाचेच्या, तोंडाशी आली तर व्हायनाला तिथे भिंत दिसते. मॉडेलच्या कोणत्या भागावर किती भरवसा ठेवायचा हे सांगणारा पीएलडीडीटीचा आकडा फाइलच्या बी-फॅक्टर रकान्यात असतो. पायमॉल या रचना बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यावरून रंग द्या आणि ७०च्या खालच्या भागावर विसंबू नका. डोमेन एकमेकांच्या संदर्भात कुठे बसलेत हे पीएलडीडीटी सांगत नाही, त्यासाठी पीएईचा (त्या जागांच्या अंदाजात किती चूक असेल याचा) तक्ता बघायचा.

पण मुळात इथे मॉडेल हवंच कशाला? ईजीएफआर कायनेजच्या क्रिस्टल रचना पीडीबी या प्रयोगातून मिळालेल्या रचनांच्या संग्रहात ढिगाने आहेत. १एम१७ घ्या: २.६ अँगस्ट्रॉम, आत एर्लोटिनिब हे ईजीएफआरवरचं औषध बसलेलं. एक खाचखळगा आहे. या फाइलमधले क्रमांक सुरुवातीचा २४ अमिनो आम्लांचा सिग्नल पेप्टाइड वगळून दिलेत. त्यामुळे पेपरांत वाचलेलं मेथिओनिन ७९३ इथे ७६९ आहे आणि थ्रिओनिन ७९० इथे ७६६. हे न कळल्यामुळे भलत्याच जागी बॉक्स टाकलेले प्रोजेक्ट दिसतात.

बॉक्सचं केंद्र एर्लोटिनिबच्या मध्यावर ठेवा, बाजू २२ अँगस्ट्रॉम. आकारमान २७,००० घन अँगस्ट्रॉमच्या वर गेलं की व्हायना स्वतःच इशारा देतं. तुमच्या लॉगमध्ये तो नक्की असणार. एक्झॉस्टिव्हनेस (शोध किती कसून करायचा तो आकडा) ८ वरून ३२ करा आणि वेगवेगळे सीड (शोधाची सुरुवात ठरवणारे आकडे) देऊन निदान तीनदा चालवा. दर वेळी पहिली पोझ (रेणूची बसण्याची ठेवण) बदलत असेल तर शोध पुरा झालेला नाही. रचनेतलं सगळं पाणी डोळे मिटून उडवू नका: एर्लोटिनिबचा एक नायट्रोजन थ्रिओनिन ७६६शी पाण्याच्या रेणूमार्फतच जोडलेला आहे. ते ठेवून आणि काढून, दोन्ही करून बघा. गॅस्टायगर चार्जची (अणूंवर धरलेल्या विद्युतभारांची) चिंता सोडा, व्हायनाच्या स्कोअरमध्ये चार्ज धरलेच जात नाहीत.

आता खरी परीक्षा. एर्लोटिनिब स्माइल्सपासून (रेणूच्या अक्षरांतल्या सूत्रापासून) नव्याने त्रिमितीत बनवा (क्रिस्टलमधलाच उचललात तर उत्तर आधीच फोडल्यासारखं होतं) आणि परत डॉक करा. मूळ जागेपासून आरएमएसडी, म्हणजे अणूंचं सरासरी अंतर, २ अँगस्ट्रॉमच्या आत हवा. तो मोजताना पायमॉलचं अलाइन वापरू नका. ते रेणू आधी एकमेकांवर सरकवतं आणि आकडा खोटा चांगला दिसतो. आरडीकिट या प्रोग्रॅमिंग संचातलं कॅल्क-आरएमएस जागेवरच मोजतं. एर्लोटिनिबच्या दोन ईथर-शेपट्या बाहेर पाण्यात लोंबतात, त्या इकडेतिकडे गेल्या तर चालेल. पण क्विनाझोलिनचा नायट्रोजन मेथिओनिन ७६९च्या बॅकबोन एनएचशी जुळलाच पाहिजे. उलट लॅपॅटिनिब हे ईजीएफआरवरचं दुसरं औषध याच रचनेत नीट बसणार नाही, कारण त्याला सी-हेलिक्स (कायनेजमधला एक पिळाचा भाग) बाहेर सरकलेली निष्क्रिय रचना लागते. ती पीडीबीच्या १एक्सकेके फाइलमध्ये आहे. म्हणजे एकाच रचनेत न बसलेला रेणू निकामी असतो असंही नाही.

मग −९.२ चं काय? व्हायनाच्या २०१० च्या मूळ पेपरातच अंदाजातली चूक २.८५ किलोकॅलरी प्रति मोल दिली आहे. खोलीच्या तापमानाला १.४ किलोकॅलरीचा फरक म्हणजे बंधनाच्या ताकदीत दहापट फरक. तेव्हा ही चूक शंभरपटीची होते, आणि −९.२ विरुद्ध −८.६ अशी तुलना निरर्थक. शिवाय रेणू मोठा झाला की स्कोअर आपोआप चांगला (जास्त ऋण) दिसतो. डीयूडी-ई संचात ईजीएफआरसाठी खरे इनहिबिटर (त्याचं काम रोखणारे रेणू) आणि डिकॉय, म्हणजे भौतिक गुणधर्मांत त्यांच्यासारखे पण रचनेने वेगळे, बहुधा निष्क्रिय रेणू, तयार मिळतात. काही शे रेणू त्याच सेटिंगवर चालवा आणि खरे रेणू वर येतात का ते पाहा. येत नसतील तर तुमच्या सेटिंगला करक्युमिनबद्दल बोलायचा अधिकार नाही.

करक्युमिनची स्वतःची लफडी वेगळीच. द्रावणात ते मुख्यतः ईनॉल रूपात असतं आणि डाउनलोड केलेली फाइल बऱ्याचदा डायकीटो असते. दोन्हींचा आकार आणि हायड्रोजन बंध निराळे. उदासीन पीएचला ते लवकर विघटित होतं. ४२५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं, स्वतः चमकतं आणि गुठळ्या करतं, त्यामुळे प्रकाशावर चालणाऱ्या चाचण्या फसतात. कोणी पुढे एन्झाइम चाचणी करणार असेल तर बफरमध्ये ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० घालायला सांगा. डिटर्जंटने परिणाम नाहीसा झाला तर ती गुठळ्यांची करामत होती.

रेणूंच्या हालचालीचं शंभर नॅनोसेकंदांचं एकच सिम्युलेशन जोडून भागणार नाही. चुकीची पोझही तेवढा वेळ आरामात टिकते. प्रोजेक्टमध्ये रीडॉकिंगचा आरएमएसडी, डिकॉयचा निकाल आणि करक्युमिनचं कोणतं रूप घेतलं हे द्या, आणि स्कोअर तक्त्यात एका दशांशापर्यंतच ठेवा.