कोळसा, वायू आणि डिझेल: विजेची पर्यावरणीय किंमत

प्रश्न: औष्णिक वीज केंद्राची राख आम्ही लहानपणापासून अंगणात पाहत आलो आहोत. कोळशाऐवजी नैसर्गिक वायू जाळल्यास वीज स्वच्छ होते, हे कितपत खरे आहे? आणि डिझेलचे काय?
– एक वाचक, चंद्रपूर

उत्तर: तुलना दर युनिट विजेमागे करावी लागते. आपल्याकडील कोळशात राखेचे प्रमाण साधारण ३० ते ४५ टक्के असते आणि एका युनिटसाठी सुमारे पाऊण किलो कोळसा लागतो. म्हणजे महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घरामागे सत्तर-पंचाहत्तर किलो कोळसा जळतो, पंचवीसेक किलो राख उरते आणि ९० ते १०० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. राखेचे संकट धुराड्यापाशी संपत नाही. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला, तेव्हा ती राख पाण्यासोबत शेतांत आणि गावांत शिरली. पद्मापूर, दुर्गापूरच्या खुल्या खाणींची धूळ आपण रोजच सोसता, आणि विजेच्या बिलात तिची नोंद कुठेच नसते, हे मला अन्यायाचे वाटते.

आधुनिक वायू केंद्रात तेवढ्याच विजेसाठी सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. राख उरत नाही आणि सल्फर डायऑक्साइड जवळजवळ नसतो. चंद्रपूरच्या फुप्फुसांच्या दृष्टीने हा फरक निःसंशय मोठा आहे. हवामानाचा हिशेब मात्र वायू काढला जातो त्या विहिरीपासून मांडावा लागतो, कारण नैसर्गिक वायू हा मुख्यतः मिथेन असून वीस वर्षांच्या काळात त्याची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता, वजनास वजन धरल्यास, कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पटींहून अधिक भरते. विहिरी आणि वाहिन्यांतून त्याची तीन टक्क्यांच्या आसपास गळती झाली, तरी या काळापुरता कोळशावरील लाभ बहुतांशी नाहीसा होतो. शिवाय दाभोळला जहाजाने येणारा वायू आधी उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून द्रवरूप करावा लागतो, आणि त्यातही इंधन खर्ची पडते.

डिझेलबाबत फारसे दुमत नाही. जनित्रातून निघणारा कार्बन डायऑक्साइड कोळशापेक्षा थोडाच कमी असतो, आणि त्याची काजळी व नायट्रोजनची ऑक्साइडे उंच धुराड्यातून न जाता थेट वस्तीत, माणसांच्या श्वासाच्या उंचीवर सुटतात.