तणनाशक आणि माशांचं यकृत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ॲट्रेझीन हे तणनाशक मिसळलेल्या पाण्यातल्या कार्प माशांच्या यकृतात चौथ्या दिवशी कॅटालेज हे संरक्षक विकर (एन्झाइम) वाढलं, पंधराव्या दिवशी मात्र ते नियंत्रण गटाच्याही (तणनाशक न दिलेल्या माशांच्या) खाली गेलं. प्रयोग चुकला, की मासे सरावले?

नुसत्या कॅटालेजवरून यातलं काहीच ठरत नाही. ऑक्सिडीकरणाचा ताण सुरू झाला, म्हणजे सुपरऑक्साइडसारखे पेशीला इजा करणारे ऑक्सिजनचे रेणू वाढले, की पेशी जादा विकरं बनवते : सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे विकर सुपरऑक्साइडचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं आणि कॅटालेज त्याचं पाणी व ऑक्सिजन. मारा चालूच राहिला तर सुपरऑक्साइड शिल्लक उरतं आणि ते कॅटालेजलाच मंदावतं. त्यात ॲट्रेझीन निकामी करून बाहेर टाकायला ग्लुटाथायोन हे पेशीतलं संरक्षक द्रव्य लागतं, म्हणजे तो साठाही त्याच वेळी खर्च होत असतो.

म्हणून त्याच यकृतातलं ग्लुटाथायोन आणि मॅलॉनडायअल्डिहाइड (पेशीतली चरबी ऑक्सिडीकरणाने बिघडली की तयार होणारं द्रव्य) मोजा. पहिलं घटलेलं आणि दुसरं वाढलेलं असेल, तर संरक्षण कोलमडलं आहे. दोन्ही नियंत्रण गटाइतकीच असतील आणि तरी कॅटालेज खाली असेल, तर आधी नमुन्याच्या हाताळणीवर शंका घ्या.

तिथे बरंच बिघडतं. माशाच्या तांबड्या पेशींतही कॅटालेज असतं, त्यामुळे रक्त नीट न धुतलेल्या यकृताचा आकडा फुगतो. तुकडा थंड सलाइनने रंग जाईपर्यंत धुवा, ०.१ मोलर फॉस्फेट बफरमध्ये (पीएच ७.४) बर्फावरच वाटा, ४ अंश सेल्सिअसला सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जी वर १५-२० मिनिटं फिरवा आणि वरचा द्रव घ्या. कॅटालेज २४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजताना अर्क दाट असेल तर क्युव्हेटच्या (मोजणीच्या पारदर्शक कुपीच्या) भिंतीवर ऑक्सिजनचे बारीक बुडबुडे धरतात आणि वाचन उड्या मारतं. अर्क पातळ करा आणि पहिल्या अर्ध्या मिनिटाचा उतारच धरा. मॅलॉनडायअल्डिहाइडसाठी थायोबार्बिट्युरिक आम्लाबरोबर तापवून ५३२ नॅनोमीटरला मोजायचं असेल, तर साखर घातलेला बफर वापरू नका. साखरही रंग देते. तापवण्याआधी थोडं बीएचटी घातलं की परीक्षानळीतच होणारं ऑक्सिडीकरण थांबतं.

आणखी एक : गटागटांत खाद्य, तापमान किंवा भूल देण्याची पद्धत वेगळी नको. उपासमारीनेही ही विकरं हलतात, आणि भुलीसाठी वापरतात त्या लवंग तेलातलं युजेनॉल स्वतःच अँटिऑक्सिडंट आहे.

प्रश्न : शुद्ध ग्लायफोसेट हे तणनाशक आणि त्याचं बाजारातलं तयार औषध, दोन्हींची मात्रा सारखी ठेवली. तरी तयार औषधातल्या माशांचे कल्ले जास्त बिघडले. का?

तयार औषधात पानाला चिकटण्यासाठी पृष्ठसक्रिय (साबणासारखं) द्रव्य असतं. पॉलिइथॉक्सिलेटेड टॅलोअमाइनसारखी द्रव्यं माशांना शुद्ध ग्लायफोसेटपेक्षा बरीच घातक असतात, आणि कल्ल्यांचं पातळ आवरण थेट पाण्यात असतं. शक्य असेल तर फक्त त्या द्रव्याचा वेगळा गट ठेवा. मात्रा लिहिताना ती ग्लायफोसेटच्या क्षाराची की आम्लाची, हेही नोंदवा. नाहीतर दोन प्रयोगांची तुलनाच होत नाही.

प्रश्न : तळ्यातल्या पाणवनस्पतींवर तणनाशक मारलं. काही दिवसांनी मासे पहाटे वर येऊन हवेसाठी तोंड उघडू लागले. औषध जास्त झालं का?

औषध जास्त झालं असेलही, पण आधी पाण्यातला ऑक्सिजन मोजा, तोही सूर्योदयापूर्वी, कारण तेव्हा तो सर्वांत कमी असतो. मेलेल्या वनस्पती कुजताना ऑक्सिजन खातात. ऑक्सिजन कमी होणं आणि मग पुन्हा चढणं, यानेही माशांच्या यकृतावर तसाच ताण येतो. अशा तळ्यातल्या माशांची विकरं तपासली तर दोष औषधाचा की कुजण्याचा, हे वेगळं काढता येत नाही. एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालू करा आणि खाद्य काही दिवस थांबवा. पुढच्या वेळी तळ्याचा एक तृतीयांश भागच घ्या, उरलेल्याला दहा ते चौदा दिवसांनी हात लावा. शक्य असेल तर आधी वनस्पती हातानेच ओढून काढा आणि काठापासून लांब टाका.