पासपोर्टवरचा 'लेट'

प्रश्न असा आहे: भारतीय पासपोर्टवर राष्ट्रपतींच्या नावे विनंती छापलेली असते, तिच्यात पासपोर्टधारकाला 'विदाउट लेट ऑर हिंडरन्स', म्हणजे विनाअडथळा, जाऊ द्यावे असे शब्द आहेत. 'लेट' म्हणजे जाऊ देणे, मग इथे अर्थ उलटा होत नाही का?

होत नाही, कारण हा 'लेट' वेगळा. जुन्या इंग्रजीत दोन स्वतंत्र क्रियापदे होती. एकाचा अर्थ सोडणे, राहू देणे; जर्मनमधले 'लासेन' त्याचेच भावंड. दुसऱ्याचा अर्थ अडवणे. हे दुसरे 'मंद, संथ' अशा अर्थाच्या विशेषणावरून आले. आपण 'गाडी लेट आहे' म्हणतो तो 'लेट' त्याच विशेषणाचा वंशज. अडवणे म्हणजे मुळात उशीर करवणे! पुढे उच्चार झिजून दोन्ही क्रियापदे सारखीच ऐकू येऊ लागली. (आपल्याकडे नारळ 'वाढवतात' म्हणजे फोडतात, पण तिथे कारण निराळे: 'फोडणे' अशुभ वाटते म्हणून.)

शेक्सपियरच्या काळी अडवणारा 'लेट' चांगला रुळलेला होता. भुताच्या मागे निघालेल्या हॅम्लेटला मित्र धरून ठेवतात, तेव्हा तो बजावतो की जो मला 'लेट' करील त्याचेच भूत करीन. इथे 'जाऊ देईल' असा अर्थ लावला तर सगळा प्रसंगच कोसळतो.

आज हा शब्द उरला आहे तो कायद्याच्या भाषेत आणि खेळात. टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला चाटून योग्य चौकोनात पडली की पंच 'लेट' पुकारतो. बरेच जण त्याला 'नेट'चा अपभ्रंश समजतात. पण शेजारच्या कोर्टातला चेंडू मध्ये आला तरी 'लेट'च होतो, आणि तिथे जाळीचा संबंधच नसतो. फरक एवढाच की सर्व्हिसच्या 'लेट'ला तेवढी सर्व्हिस पुन्हा, पहिली चुकलेली असेल तर ती चूक कायम. इतर 'लेट'ला अख्खा गुण पुन्हा.

'टू लेट'च्या पाटीवरचा मात्र पहिला, देणारा 'लेट'.

भाषांतर करताना 'लेट' आणि 'हिंडरन्स' यांत बारीक भेद शोधू नये. कायद्याला जोडशब्दांची हौसच असते. पासपोर्टवरच्या हिंदीत 'बिना रोक-टोक' आहे. मराठीत 'विनाअडथळा' पुरेल. तीच दुहेरी लय हवी असेल, तर आपल्या खरेदीखतांतला 'हिला-हरकत' आहेच.