वडिलांच्या पॉलिसीचा हप्ता डॅफ्नियातून भरायचा?

जळगावहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३६, पाइपच्या कारखान्यात नोकरी, हातात महिन्याला ३८,००० येतात, बायको घर सांभाळते, मुलगी सहा वर्षांची, आईवडील सोबतच. गच्चीवर गप्पी आणि फायटर मासे पाळतात, पिल्लांना खायला म्हणून चार टबांत डॅफ्निया (पाण्यातले टाचणीच्या टोकाएवढे जीव) वाढवतात आणि उरलेला माल पिशव्या भरून शहरातल्या दोन अ‍ॅक्वेरियम दुकानांना देतात, त्याचे महिन्याला साडेतीन हजार येतात. आता एकजण त्यांना १,९०,००० रुपयांत वीस टब, दोन ब्लोअर, शेडनेट, ‘इम्पोर्टेड डॅफ्निया मॅग्ना’चं बियाणं आणि दोन दिवसांचं ट्रेनिंग द्यायला तयार आहे. वर तीन वर्षांचा बायबॅक करार (तयार माल तोच विकत घेणार), किलोला १,५०० रुपये, रोज एक किलो माल निघणार, म्हणजे महिन्याला ४५,०००. प्रश्न एवढाच विचारलाय की यासाठी बायकोच्या सोन्यावर लोन घ्यावं की पीएफमधून पैसे काढावेत.

आणि मग पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहावं तसं, हे लिहिलंय: "वडिलांच्या रिटायरमेंटच्या पैशातून बँकेने मार्च २०२४ ला एक पॉलिसी करून दिली, वर्षाला तीन लाख हप्ता आहे, दोन भरलेत, तिसरा पुढच्या महिन्यात आहे, डॅफ्नियाचं चाललं की हप्त्याचं टेन्शन जाईल."

भाऊ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. सोन्यावर लोन नको, पीएफला हात नको, त्या माणसाला एक रुपयाही नको. का नको ते खाली सांगतो, पण आधी मला तुमच्या त्या शेवटच्या वाक्याबद्दल बोलायचंय, कारण खरी आग तिथे लागलीय.

तुम्ही सोबत पाठवलेली पॉलिसीची पानं मी नीट वाचली. वडील एसटीतून रिटायर झाले तेव्हा सगळे मिळून १८ लाख आले. तीन लाख बहिणीच्या लग्नाला गेले, सहा पॉलिसीत गेले, नऊ एफडीत आहेत. महिन्याची पेन्शन तीन हजारांच्या आसपास. अशा माणसाला ६० व्या वर्षी, असलेली एफडी मोडायला लावून, दहा वर्षं दरवर्षी तीन लाख भरायची पॉलिसी दिली. दहा त्रिक तीस. ज्यांच्याकडे आयुष्यभराचे मिळून १८ लाख होते त्यांच्याकडून ३० लाखांची सही घेतली. तुम्ही लिहिताय की "तीनच वर्षं भरायचेत असं मॅडम म्हणाल्या होत्या". बाँडवर प्रीमियम भरायची मुदत दहा वर्षं छापलीय आणि पैसे मिळायला सुरुवात बाराव्या वर्षापासून आहे, म्हणजे तेव्हा वडील ७२ वर्षांचे असतील. तोंडी काय बोललं गेलं याला कागदावर काही किंमत नसते आणि बोलणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. मार्च महिन्यात शाखेत टार्गेटची घाई असते आणि एफडी रिन्यू करायला आलेला साधा म्हातारा माणूस समोर बसलेला असतो, अशी पत्रं मला दर वर्षी येतात आणि दर वेळी तितकाच संताप होतो.

हेच १८ लाख नसले तरी लग्न वजा जाता उरलेले १५ लाख पोस्टातल्या सिनिअर सिटिझन सेव्हिंग स्कीममध्ये टाकले असते तर ८.२ टक्क्यांनी वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास व्याज आलं असतं, महिन्याला दहा हजार धरा, घरी बसून, कोणाला हप्ता न देता. त्याऐवजी आज उलटं झालंय, वडिलांना पैसे मिळायच्या वयात ते भरतायत आणि तुम्ही ३८,००० च्या पगारात महिन्याला २५,००० चा बोजा डोक्यावर घेऊन गच्चीवर टब वाढवायचा विचार करताय.

आता तिसऱ्या हप्त्याचं. तुमची पॉलिसी ऑक्टोबर २०२४ च्या नवीन सरेंडर (मुदतीआधी पॉलिसी बंद करून पैसे घेणं) नियमांच्या आधीची आहे, त्यामुळे जुना हिशोब लागतो. दोन हप्ते भरल्यावर कमीत कमी सरेंडर व्हॅल्यू भरलेल्या पैशाच्या ३० टक्के, तीन भरल्यावर ३५ टक्के, चार भरल्यावर ५० टक्के. म्हणजे आज सरेंडर केली तर ६ लाखांचे १ लाख ८० हजार. वाईट वाटतंय, मलाही वाटतं. पण मॅडम आता सांगतील की "सर तिसरा भरा, मग व्हॅल्यू वाढते", तर बघा किती वाढते. तिसरा भरला की ९ लाखांचे ३५ टक्के, ३ लाख १५ हजार. तुम्ही तीन लाख नवीन घातले आणि व्हॅल्यू वाढली १ लाख ३५ हजारांनी. मग म्हणतील चौथा भरा, निम्मे परत मिळतात. १२ लाखांचे निम्मे ६ लाख, म्हणजे आजपासून आणखी सहा लाख घालून व्हॅल्यू वाढली ४ लाख २० हजारांनी, मधल्या दोन वर्षांचं व्याज बुडालं ते वेगळंच. गेलेले पैसे वाचवायला नवीन पैसे घालायचे नाहीत, तिसरा हप्ता भरू नका.

पण लगेच जाऊन सरेंडरचा फॉर्मही भरू नका, हे लक्षात ठेवा, कारण क्रम महत्त्वाचा आहे. पॉलिसीत प्रपोजर (पॉलिसी घेणारे) वडील आहेत आणि विमा तुमच्या आयुष्यावर ३० लाखांचा आहे, आणि तुम्ही लिहिलंय की याशिवाय तुमचा दुसरा काहीच विमा नाही. म्हणजे हप्ता थांबवला की हे कव्हर जवळजवळ जाणार आणि घरात पाच माणसं तुमच्या एकट्याच्या पगारावर आहेत. तर या आठवड्यात आधी एक कोटीचा साधा टर्म प्लॅन घ्या, पैसे परत देणारा वगैरे नको. तुमच्या वयाला, तंबाखू-सिगरेट नसेल तर, वर्षाला पंधरा-अठरा हजारांत बसतो, सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. मेडिकल होऊन पॉलिसी हातात आली की मगच पुढे. हप्त्याला ३० दिवसांचा ग्रेस असतो, तेवढा वेळ पुरतो.

दुसरं काम, कंपनीकडून दोन गोष्टी लेखी मागा: आज सरेंडर केली तर नेमके किती (कंपनीची स्पेशल सरेंडर व्हॅल्यू कधीकधी ३० टक्क्यांपेक्षा बरी असते), आणि हप्ते बंद करून पेड-अप ठेवली तर पुढे किती आणि कधी मिळणार. दोन आकडे आले की मला पाठवा, निर्णय पाच मिनिटांचा आहे.

तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि लोक नेमकं हेच करत नाहीत. भरलेल्या प्रपोजल फॉर्मची कॉपी आणि व्हेरिफिकेशन कॉलचं रेकॉर्डिंग मागा. त्या फॉर्ममध्ये वडिलांचा व्यवसाय आणि वार्षिक उत्पन्न काय लिहिलंय ते बघा. रिटायर माणसाच्या नावापुढे ‘बिझनेस’ आणि आठ-दहा लाख उत्पन्न लिहिलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, कारण खरं उत्पन्न लिहिलं तर तीन लाखांचा हप्ता पासच होत नाही. तसं निघालं तर तुमची तक्रार एकदम भक्कम झाली. आधी विमा कंपनीच्या आणि बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी, वडिलांच्याच सहीने, पूर्ण सहा लाख परत मागायचे. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवरही टाका. महिन्याभरात उत्तर नाही आलं किंवा नकार आला तर विमा लोकपालाकडे जायचं, तिथे फी नाही, वकील लागत नाही. मिळतीलच असं मी सांगणार नाही, सही वडिलांची आहे आणि फ्री-लूकची (पॉलिसी हातात आल्यावर ठरावीक दिवसांत परत करायची) मुदत कधीच गेलीय, पण १ लाख ८० हजारांवर सही करायच्या आधी हा प्रयत्न न करणं म्हणजे आपणहून सोडून देणं. म्हणून सरेंडर शेवटी.

एफडीतल्या नऊ लाखांपैकी दोन तिथेच राहू द्या, दवाखान्याला लागतील. सात पोस्टात वडिलांच्या नावाने त्या सिनिअर सिटिझन स्कीममध्ये, दर तीन महिन्यांनी साडेचौदा हजारांच्या जरा खाली त्यांच्या खात्यात येतील. वडिलांना तुमच्याकडे पैसे मागायला नको वाटतं असं तुम्ही लिहिलंय ना, त्याला हे खरं उत्तर आहे.

आता डॅफ्निया, कारण तुमचं त्यावर मन आहे हे पत्रात दिसतं आणि मला ते मोडायचं नाहीये.

साडेतीन हजारांतून यीस्ट, स्पिरुलिना, पिशव्या, पेट्रोल, पंपाची वीज काढली की तुमच्याच आकड्यांनी २,२०० उरतात. रोजचा दीड तास धरला तर महिन्याला ४५ तास, तासाला पन्नास रुपये. छंद म्हणून उत्तम आहे, माशांचं खाणं फुकट पडतं. पण तो माणूस जे ४५,००० सांगतोय ते बघू. वीस टब, प्रत्येकी शंभर लिटर, म्हणजे दोन हजार लिटर पाणी. यीस्टवर नीट चाललेल्या मोइनाच्या (डॅफ्नियासारखाच, पण लहान जीव) कल्चरमधून हजार लिटरला दिवसाला ढोबळमानाने शंभर ग्रॅम ओला माल निघतो. तुमचे झाले दोनशे ग्रॅम. महिन्याला सहा किलो, ९,००० रुपये, तेही एकही टब न बसता (म्हणजे त्यातले जीव एकदम न मरता) आणि समोरच्याने खरंच उचललं तर. तो पाचपट सांगतोय.

आणि मॅग्ना जळगावात? तिला विशीच्या आसपासचं थंड पाणी मानवतं, तिशी ओलांडली की ती गळते, आणि तुमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो. तुमच्या टबात आज जे आहे, एक-दीड मिलिमीटरचं, ते माझ्या मते बहुतेक मोइनाच आहे, म्हणून तर ते उन्हाळ्यापर्यंत तरी टिकतं. तरी गेल्या मेमध्ये तुमचं कल्चर तीनदा बसलं असं तुम्हीच लिहिलंय. बियाण्याचे म्हणून त्याने ३५,००० लावलेत हे वाचून तर मला राहवलं नाही. या जिवाची मादी नराशिवाय पिल्लं देते, वाटीभर कल्चर दोन आठवड्यांत टब भरतं, हे तुम्ही स्वतः रोज बघताय. जे तुमच्या गच्चीवर आपोआप वाढतंय ते ३५,००० ला का घ्यायचं?

बायबॅकबद्दल एकच प्रश्न त्याला विचारा: हा माल शेवटी विकत कोण घेतं, त्या गिऱ्हाइकाचं नाव आणि बिल दाखवा. जिवंत डॅफ्निया लांब पाठवणं सोपं नाही, उन्हात पिशवीत लवकर मरायला लागतो, आणि मोठे मत्स्यबीजवाले आर्टेमियाचे (खाऱ्या पाण्यातल्या अशाच बारीक जिवाच्या अंड्यांचे) डबे आणून काम भागवतात. इमूच्या वेळी हेच झालं, २०१९ ला सांगलीकडे कडकनाथ कोंबड्यांच्या वेळी हेच झालं, पक्षी आधी विकले, माल परत घ्यायचा करार दिला, आणि परत घ्यायची वेळ आली तेव्हा ऑफिसला कुलूप. ज्या धंद्यात सेटअप विकणाऱ्याची कमाई तुमच्या चेकवर होते तिथे त्याला तुमच्या मालाची गरज नसते.

वाढवायचंच असेल तर जे येतंय त्यातून वाढवा. आणखी चार टब, शेडनेटचा तुकडा, वर बारीक जाळी (उघड्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, महापालिकेची नोटीस येईल ती वेगळी), सगळं सहा हजारांत बसतं. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवूनच घाला, क्लोरीनने कल्चर जातं. यीस्ट थोडं थोडं द्या, पाणी दुधाळ राहिलं की समजा जास्त झालं. एक बादली कायम घरात सावलीला बॅकअप म्हणून ठेवा, आणि मार्च-एप्रिलमध्ये टबाच्या तळाशी जी काळपट अंडी बसतात ती गाळून वाळवून ठेवा, जूनमध्ये पाण्यात टाकली की पुन्हा सुरू करता येतं. आणि माझं ऐकाल तर पिशव्या विकण्यापेक्षा त्या मोइनावर फायटरची पिल्लं मोठी करून विका, तीच मेहनत, पण एका चांगल्या रंगाच्या नराला दुकानदार तुमच्या कितीतरी पिशव्यांइतके पैसे देतो.

बायकोचं सोनं कपाटातच राहू दे. आणि आज संध्याकाळी वडिलांसोबत बसून प्रपोजल फॉर्मच्या कॉपीसाठी कंपनीला ईमेल करा. फॉर्म आला की उत्पन्नाचा रकाना वाचा आणि त्याचा फोटो मला पाठवा, तक्रारीचा मसुदा मी बघून देतो.