लाथ कुठे मारायची ते नंतर, आधी तोंड उघडा

गेल्या अंकात आम्ही विचारलं होतं की स्वतःचा बचाव कसा करायचा याबद्दल तुम्ही आजवर काय काय ऐकलंय आणि त्यातलं काय खरं वाटतं, तर पत्रं आली ती आलीच, मोबाइलवर मेसेज त्याच्या तिप्पट आले. मी ठाण्यात ज्युदो शिकवते, 19 वर्षं झाली, सकाळी बायकांची बॅच आणि संध्याकाळी शाळा-कॉलेजच्या मुलींची, त्यामुळे यातले बरेच प्रश्न मॅटवर रोजच ऐकते. सगळे घेता आले नाहीत, जे परत परत आले ते घेतलेत.

ताई, माझी मुलगी अकरावीत आहे. कॉलेजात दोन दिवसांचं शिबिर झालं, तिथे सांगितलं की पुरुषाच्या नाजूक जागी लाथ घातली की तो खाली बसतो, बाकी काही लागत नाही. आता ती म्हणते क्लासवरून रात्री नऊला एकटी येईन. येऊ देऊ का? (एक आई, डोंबिवली)

येऊ द्या, पण त्या लाथेच्या भरवशावर नको. आमच्याकडे एक मुलगा मदतीला येतो, काही पैलवान वगैरे नाही, साधा पाच फूट आठ इंच, त्याला गार्ड घालून उभा करते आणि मुलींना म्हणते, मार. बहुतेक लाथा मांडीवर बसतात. कारण सोपं आहे, तो भाग वाचवायला पुरुष लहानपणापासून शिकलेला असतो, गल्लीत टेनिस बॉलने क्रिकेट खेळलेल्या कुणालाही विचारा, नुसता पाय हलला की कंबर आपोआप वळते आणि गुडघे जवळ येतात. वर आपण एका पायावर उभ्या, त्याने पाय धरला की आपण पाठीवर. आणि बसली जरी नेमकी, तरी दारू प्यायलेला किंवा डोकं फिरलेला माणूस लगेच खाली बसेलच असं नाही, तेवढ्यात त्याने केस धरलेले असतात. लांबून लाथ नको. त्याने जवळ ओढलंच असेल तर गुडघा चालतो, पाऊल त्याच्या पावलावर आपटणं चालतं.

किल्ल्या बोटांमध्ये धरायच्या, हे दुसरं. हे प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी सांगतंच. मी म्हणते बरं, धर आणि या पॅडवर मार. पहिल्याच फटक्यात किल्ली फिरते आणि तिच्याच बोटाच्या बेचक्यात घुसते, मुलगी हात झटकत बसते. मुठीचंही तसंच, हाडावर मूठ मारली तर करंगळीमागचं हाड मोडतं, ऑर्थोपेडिकवाले त्याला बॉक्सर फ्रॅक्चरच म्हणतात. तळव्याचा मनगटाजवळचा जाड भाग वापरा, हनुवटीखाली नाहीतर नाकावर. मनगट धरलं तर सगळ्या मुली सरळ मागे ओढतात, त्यात ताकद त्याची जिंकते. त्याच्या अंगठ्याच्या बाजूने हात फिरवून काढा, पकड तिथेच उघडी असते. हे दहा मिनिटांत शिकता येतं आणि दहा दिवसांत विसरताही येतं, म्हणून दोन दिवसांचं शिबिर म्हणजे ओळख झाली एवढंच.

पण खरी अडचण हातापायांची नाहीच. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना ओरडायला सांगते. ‘ए, मागे हो!’ बस, तीन शब्द. पंचवीस मुली, पंधरा मिनिटं नुसती खिदळतात, मग कुणाचा तरी आवाज निघतो तो असा की शेजारच्या खोलीत ट्यूशन चाललीय तिथपर्यंतही जात नाही. घरात सोळा वर्षं ‘हळू बोल’ ऐकलेलं असतं ना. माझ्या मते तरी शिबिरात दोन दिवस फक्त हेच करून घेतलं असतं तरी पैसे वसूल.

आणि आणखी एक, तुम्हाला भीती रात्री नऊच्या रस्त्याची वाटते, मलाही वाटते, पण राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अलीकडच्या कुठल्याही वर्षाचे आकडे काढा, बलात्काराच्या दहातल्या नऊहून जास्त केसेसमध्ये आरोपी ओळखीचाच असतो, नातेवाईक, शेजारी, मित्र, कामावरचा कुणी. ओळखीच्या माणसाला लाथ मारायची हे कुणी शिकवत नाही, आणि शिकवलं तरी पाय उचलत नाही, कारण मनात पहिलं येतं ते ‘काकांना काय वाटेल’. कॅनडात तीन युनिव्हर्सिट्यांमध्ये 893 मुलींवर अभ्यास झाला होता, 2015 ला छापून आला. त्यातल्या निम्म्या मुलींना 12 तासांचा एक कोर्स दिला, त्यात मारामारी होती पण बराचसा वेळ याच गोष्टीवर, ओळखीचा माणूस हद्द ओलांडतोय हे वेळेत कसं ओळखायचं, आणि संबंध बिघडतील ही भीती बाजूला ठेवून नाही कसं म्हणायचं. वर्षभराने पाहिलं तर कोर्स केलेल्यांमध्ये बलात्काराचं प्रमाण 5.2 टक्के, नुसती माहितीपत्रकं दिली त्यांच्यात 9.8. तेव्हा लेकीला हे विचारा की समजा ट्यूशनचे सर म्हणाले सगळे गेल्यावर थांब, तर तू काय म्हणशील? उत्तर काय येतं त्यापेक्षा ते द्यायला ती किती वेळ घेते ते बघा.

मिसेस रोज लोकलने जाते. पेप्पर स्प्रे चांगला की पर्समध्ये घरची मिरची पूड? पूड स्वस्त पडते. (एक वाचक, कल्याण)

दादा, मिरची पूड भाजीतच राहू द्या. पूड उडते, वारा जिकडे तिकडे ती, आणि लोकलच्या दारात वारा कुठून येतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. शिवाय पुडी सोडायला दोन हात लागतात. स्प्रेमध्ये मिरचीचा तेलकट अर्क दाबाने भरलेला असतो, साधारण आठ-दहा फुटांवर जातो, डोळे आपोआप मिटतात, खोकला येतो. लायसन लागत नाही. विमानात सोबतच्या बॅगेत मात्र चालत नाही, एअरपोर्टवर काढून घेतात.

पण त्याचेही गैरसमज आहेतच. एक म्हणजे बंद लिफ्टमध्ये किंवा भरल्या डब्यात मारला तर सगळ्यांनाच बसतो, मारणारीलाही, कुणाला दमा असेल तर अजूनच कठीण. दुसरं म्हणजे लागला की माणूस जागीच कोसळतो असं नाही, तो आंधळेपणाने हात मारत पुढे येऊ शकतो, म्हणून मारायचा आणि बाजूला सरकून पळायचं, बघत उभं राहायचं नाही. तिसरं, त्याला एक्सपायरी असते, दोन-तीन वर्षांत आतला दाब जातो. माझ्या बॅचमधल्या एकीला मी म्हटलं काढ बघू तुझा स्प्रे, तर आधी डबा निघाला, मग छत्री, चार्जर, औषधाची स्ट्रिप, रुमाल, सगळ्यात तळाशी स्प्रे आणि वरचं लॉक कसं फिरवायचं ते तिला माहीतच नाही. वरातीमागून घोडं. तेव्हा दोन घ्या, एक मिसेसनी मोकळ्या मैदानात वाऱ्याकडे पाठ करून मारून बघायचा आणि दुसरा पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात. स्वतःच्या डोळ्यात गेला तर चोळायचं नाही, गार पाण्याने धूत राहायचं. आणि लोकलचं म्हणाल तर रेल्वेचा 139 नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा, बाकी कुठेही 112.

ब्लॅक बेल्ट व्हायला किती वर्षं लागतात? तोपर्यंत काय करायचं? (सातवीतली वाचक, वाई)

चार-पाच वर्षं तरी धर, नियमित आलीस तर. तोपर्यंत पळायचा सराव कर बाळा, त्याला बेल्ट लागत नाही.

समोरच्याने चाकू काढला तर तो हातातून कसा काढून घ्यायचा याचे खूप व्हिडिओ येतात. मी मित्राबरोबर प्रॅक्टिस करतो, जमतंय. (विद्यार्थी, लातूर)

मित्र हळू मारतो म्हणून जमतंय. एक करून बघ. जुना पांढरा शर्ट घाल, मित्राच्या हातात लाल मार्कर दे आणि सांग की मला लावू नकोस तर भोसक, जोरात, हवा तसा, थांबायचं नाही. अर्ध्या मिनिटाने शर्ट बघ. आमच्या मोठ्या मुलांच्या बॅचला मी हे वर्षातून एकदा करायला लावते, शर्टावर, गळ्यावर, हातांवर आतल्या बाजूने रेघाच रेघा, आणि त्यानंतर व्हिडिओवाल्यांचा आवाज जरा कमी होतो. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसांमधले ट्रेनर डेनिस ट्युलर यांनी मोजून बघितलं होतं आणि 1983 ला लिहिलं होतं की चाकू घेतलेला माणूस 21 फूट अंतर साधारण दीड सेकंदात तोडतो, तेवढ्यात पोलिसाला पिस्तूल काढून गोळी घालणंसुद्धा जेमतेम जमतं. आणि तू मोकळ्या हाताने मनगट पकडणार. पाकीट मागतोय तर पाकीट दे, मोबाइल मागतोय तर मोबाइल, लांब फेकून दे आणि उलट्या दिशेने पळ. हेच मुलुंडच्या काकूंना पण, ज्यांनी मंगळसूत्र खेचलं तर घट्ट धरून ठेवावं का विचारलंय. नाही काकू, मोटरसायकलच्या मागे फरफटत जाण्याएवढं सोनं महाग झालेलं नाही अजून. तुम्हालाच गाडीत ओढून न्यायला बघत असेल तेव्हा मात्र काहीही करून जायचं नाही, तिथे आरडाओरडा, चावणं, सगळं.

आपण आधी मारलं की आपणच अडकतो, त्याने पहिला फटका मारल्याशिवाय हात उचलायचा नाही, असं आमच्या तालमीत सांगतात. खरं का? (एक वाचक, कोल्हापूर)

तालमीचा नियम म्हणून चांगला आहे, कायदा तसा नाही. 1 जुलै 2024 पासून आयपीसी, म्हणजे जुनी भारतीय दंड संहिता, जाऊन भारतीय न्याय संहिता आली, त्यात कलम 34 ते 44 स्वसंरक्षणाच्या हक्कावरच आहेत (जुनी 96 ते 106, मजकूर जवळपास तोच). कलम 40 म्हणतं की धोक्याची रास्त भीती वाटली की तुमचा हक्क सुरू होतो, गुन्हा प्रत्यक्ष घडायची वाट बघायची नाही. आणि भीती संपली की हक्कही संपला, इथेच आपले लोक अडकतात. तो पडला, पळायला लागला, आणि मागे धावून चार जास्तीच्या घातल्या, तर त्या चार तुमच्या नावावर. कलम 37 प्रमाणे गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हक्कच नाही. म्हणजे सकाळी भांडण झालं आणि संध्याकाळी पोरं घेऊन गेलात, ते स्वसंरक्षण नव्हे भाऊ.

जीव जाईपर्यंत मजल कधी गेली तर चालते ते कलम 38 मध्ये आहे, जीवाची किंवा गंभीर दुखापतीची भीती, बलात्कार, अपहरण, अ‍ॅसिड हल्ला अशा ठरावीक वेळी. पळून जाता येत असताना पळालाच नाहीत म्हणून हक्क जातो असंही नाही, सुप्रीम कोर्टाने 2010 ला दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात हे सगळं एकत्र मांडलंय, आणि त्यात हेही आहे की जीवावर बेतलेल्या माणसाने इजा सोन्याच्या तराजूत तोलून करावी अशी अपेक्षा नाही. दुसऱ्याला वाचवायलाही हा हक्क आहे, शेजारीण असो की बसमधली अनोळखी मुलगी. फक्त आपण बचावातच मारलं हे दाखवायची जबाबदारी आपल्यावर येते, शंभर टक्के सिद्ध नाही करावं लागत, पण तसं झालं असण्याची शक्यता जास्त आहे एवढं तरी कोर्टाला पटायला हवं. म्हणून पहिला 112 ला फोन तुमचा जाऊ दे, त्याचा नको.

नाव देत नाहीये. एसटीत मागच्या सीटवरच्या माणसाने अंगावर हात फिरवला, दोन वेळा. मी कराटे शिकलेली आहे, शाळेत मेडल आहे. मला साधं वळताही आलं नाही, घशातून आवाज नाही, माझा स्टॉप आला तरी मी उठले नाही, पुढच्या स्टॉपला उतरले. नवरा म्हणाला मग शिकून काय उपयोग. खरंच काय उपयोग?

नवऱ्याला आधी हे पान वाचायला द्या.

शरीर गोठतं. लढा किंवा पळा एवढे दोनच पर्याय असतात असं आपल्याला शिकवलं, तिसरा कुणी सांगितलाच नाही. मांजराने धरलेला उंदीर बघितलाय का, निपचित पडतो, मेल्यासारखा, तो काही ठरवून पडत नाही. माणसालाही होतं. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर इमर्जन्सी क्लिनिकमध्ये आलेल्या 298 बायकांचा अभ्यास 2017 ला आला, त्यातल्या 70 टक्के बायकांचं शरीर त्या वेळी बऱ्यापैकी गोठलेलं होतं. तुमचं मेडल खोटं नाही, पण ते मॅटवर मिळालं, तिथे रेफ्री ‘सुरू’ म्हणतो आणि समोरचा वाकून नमस्कार करतो. एसटीत कुणी ‘सुरू’ म्हणत नाही. माझंही झालंय, दादर स्टेशनच्या पुलावर, ज्युदो शिकवायला लागून सहा वर्षं झाली होती तेव्हा. घरी येऊन मी आधी चहा केला आणि मग मला कळलं की काय झालं.

हा गैरसमज नुसता घरातला नाही, तो कोर्टात जाऊन बसला होता. 1972 ला आपल्याच देसाईगंजला, आता ते गडचिरोली जिल्ह्यात आहे, एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात अत्याचार झाला, नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी धरलं आणि सुप्रीम कोर्टाने 1978 ला सोडून दिलं, कारणात हेही होतं की अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत. त्यावर 1979 ला कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, त्यात वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर ही आपली माणसं होती, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 ला कायदा बदलला. पुढे 2013 च्या दुरुस्तीत स्पष्टच लिहिलं गेलं की बाईने अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती होती असं धरायचं नाही, आज ते न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये आहे. बलात्काराच्या व्याख्येतलं वाक्य आहे ते, पण नवऱ्याला समजायला तेवढं पुरे व्हावं.

उपयोग काय विचारलंत, तर गोठणं सुटायला कधीकधी एखादी अगदी छोटी हालचाल पुरते असं मी बघितलंय, नुसती पायाची बोटं चपलेत हलवायची, किंवा श्वास जोरात बाहेर टाकायचा. त्या हालचालीपाठोपाठ आपला आवाज निघतो. काय बोलायचं ते आधीच ठरलेलं असलं तर बरं, आणि ते त्याला उद्देशून नको, सगळ्यांना ऐकू जाईल असं, ‘कंडक्टर, हा मागचा माणूस हात लावतोय, गाडी थांबवा’. घरी दार लावून मोठ्याने म्हणून बघा चार वेळा, विचित्र वाटेल.

तक्रार अजूनही देता येते. कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, आमच्या हद्दीत नाही असं सांगून परत पाठवता येत नाही. द्यायची की नाही ते सावकाश ठरवा. पण गाडी कुठून कुठे जाणारी होती, तारीख, वेळ, तुमचा सीट नंबर, त्याचा शर्ट कसला होता, एवढं आज रात्रीच एका कागदावर लिहा आणि तिकीट असेल तर त्यालाच टाचून ठेवा.