अमेरिकेत स्वसंरक्षणासाठी गाडीत रायफल ठेवावी का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को येथे आपण राहता, एच-१बी व्हिसावर नोकरी करता, ग्रीन कार्डाचा अर्ज रांगेत आहे आणि पत्नी एच-४ या आश्रितांच्या व्हिसावर आहे. महिन्यातून एखाद्या वेळी मुलांसह रात्री आय-४५ महामार्गाने ह्यूस्टनला जावे लागते. कार्यालयातील एका सहकाऱ्याने ‘डिकीत एक एआर-१५ टाकून ठेव, टेक्ससमध्ये त्याला परवाना लागत नाही’ असे सुचवले आहे (एआर-१५ ही अमेरिकेत सर्रास विकली जाणारी अर्धस्वयंचलित रायफल), आणि हा सल्ला मानावा की नाही असे आपण विचारता.

मी बरीच वर्षे टेक्ससमध्ये राहतो आणि अमेरिकेचा नागरिक आहे. माझ्या घरी तिजोरीत रायफल आहे आणि नेमबाजीच्या मैदानावर तिचा सरावही मी नियमाने करतो, त्यामुळे पुढील मजकूर बंदुकीच्या तिटकाऱ्यातून लिहिलेला नाही, एवढे आधीच सांगून ठेवतो. माझे उत्तर ‘ठेवू नका’ असे आहे. आपल्या बाबतीत तर रायफल उपयोगी आहे की नाही, या मुद्द्यापर्यंत जाण्याआधीच व्हिसाचा प्रश्न उभा राहतो.

आपला सहकारी सांगतो ते टेक्सस राज्याच्या कायद्यापुरते बरोबर आहे. हँडगन, म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, विनापरवाना बाळगण्याची मुभा देणारा कायदा तेथे १ सप्टेंबर २०२१ पासून लागू झाला. रायफलीला तर त्याआधीही परवाना लागत नव्हता. मात्र त्याच्या वर संघराज्याचा, म्हणजे केंद्राचा, कायदा आहे. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टमध्ये १९९८ साली झालेल्या दुरुस्तीनुसार नॉन-इमिग्रंट, म्हणजे कायम वास्तव्यासाठी नसलेल्या, व्हिसावर देशात आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ हे सर्व त्यात येतात, आणि ग्रीन कार्डाचा नुसता अर्ज केल्याने ही बंदी उठत नाही. त्यासाठी ग्रीन कार्ड प्रत्यक्ष मंजूर व्हावे लागते. या गुन्ह्याची कमाल शिक्षा २०२२ च्या कायद्याने १० वर्षांवरून १५ वर्षांवर नेली आहे. शिवाय बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी व्यक्तीला देशाबाहेर काढता येते, मग तिच्याकडे ग्रीन कार्ड असले तरीही. मैदानावर भाड्याने घेतलेली बंदूक हातात धरणे हेही कायद्याच्या दृष्टीने ‘जवळ बाळगणे’च ठरते. विद्यार्थी व्हिसावर आलेल्या, पण विद्यापीठाने काढून टाकलेल्या एका तरुणाचा फ्लोरिडातील असाच खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि आपल्याला अमेरिकेत राहण्याचा हक्क उरलेला नाही हे आरोपीला माहीत होते, हेही सरकारने सिद्ध केले पाहिजे, असा निर्णय २०१९ साली लागला. आपल्याला मात्र स्वतःचा व्हिसा कोणता हे चांगलेच माहीत आहे, त्यामुळे त्या निर्णयाचा आपल्याला काही उपयोग नाही.

या बंदीला एक पळवाट आहे, आणि सहकारी उद्या तीही सुचवील. ज्याच्याजवळ अमेरिकेतील एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना आहे, त्याला या बंदीतून सूट मिळते. सूट खरी आहे आणि व्हिसावरील अनेक भारतीय तिच्या आधारे रीतसर रायफल विकत घेतात. परंतु टेक्ससचा वार्षिक शिकार परवाना ३१ ऑगस्टला संपतो. नूतनीकरण विसरले तर १ सप्टेंबरच्या सकाळी डिकीत पडून असलेली तीच रायफल आपल्याला संघराज्याच्या गुन्ह्यात ओढू शकते. त्याहून अवघड गोष्ट घरातली आहे. परवाना आपल्या नावावर असेल, आपल्या पत्नीच्या नाही. डिकीत काय आहे हे माहीत असताना त्या ती गाडी घेऊन किराणा आणायला निघाल्या, तर हात लावलेला नसला तरी रायफल त्यांच्या ताब्यात होती असे सरकारी वकील म्हणू शकतो. घरातल्या तिजोरीची किल्ली एकाच्याच खिशात ठेवता येते. पण नवरा-बायकोत मिळून वापरल्या जाणाऱ्या गाडीच्या बाबतीत ते जमत नाही. वर्षानुवर्षे रांगेत उभे राहून मिळवलेली जागा अशा कारणाने घालवणे मला तरी परवडणारे वाटत नाही. मी वकील नाही. आपल्या इमिग्रेशन वकिलाला हा प्रश्न लेखी विचारा आणि त्याचे उत्तर जपून ठेवा.

आता समजा की ग्रीन कार्ड हाती आले. तरीही मी नकोच म्हणेन, त्याची कारणे पुढे देतो.

गाडीत रायफल ठेवण्याची रीत येथे जुनी आहे आणि तिला अर्थही आहे. पश्चिम टेक्ससमध्ये माझ्या एका परिचिताचे रँच आहे. त्याच्या पिकअपमध्ये सीटच्या मागे जुनी, लिव्हरने चालणारी .३०-३० रायफल असते. तिच्या दस्त्याचे पॉलिश एका बाजूने पार उडाले आहे आणि नळीवर लाल धुळीचा थर आहे. रानडुकरांनी कुंपण फोडले, कोल्ह्यासारखे कोयोटे वासरांभोवती घोटाळू लागले किंवा एखादे जनावर पाय मोडून पडले की ती बाहेर निघते. शेरीफच्या माणसाला तेथे पोहोचायला बराच वेळ लागतो, हेही खरे. त्या गाडीत रायफलीला पान्ह्याइतकेच रोजचे काम असते आणि रात्री ती घरात जाते. पोलिसांच्या गाडीत रायफल का असते, त्याचेही वेगळे कारण आहे. २८ फेब्रुवारी १९९७ रोजी लॉस एंजेलिसच्या नॉर्थ हॉलीवूड भागात चिलखत घातलेल्या दोन बँक दरोडेखोरांपुढे पोलिसांची पिस्तुले निष्प्रभ ठरली आणि अधिकाऱ्यांना जवळच्या बंदुकीच्या दुकानातून रायफली आणाव्या लागल्या. त्यानंतर गस्तीच्या गाड्यांत रायफल ठेवण्याची पद्धत झपाट्याने पसरली. पण धोका असेल तेथे धावून जाणे हे पोलिसाचे काम आहे, आणि मागे मुले बसलेली असताना तेथून निघून जाणे हे आपले. ज्याला निघून जायचे आहे, त्याच्या हाताला रायफलीपेक्षा स्टिअरिंगचा उपयोग अधिक होतो.

डिकीतील रायफल प्रत्यक्ष कशी बाहेर निघेल, याची एकदा पायरी-पायरीने कल्पना करून पाहा. गाडी थांबवायची, दार उघडून खाली उतरायचे, मागे जायचे, डिकी उघडायची, बॅगा, पाण्याचा खोका आणि मुलाची स्ट्रोलर बाजूला करायची, पेटीचे कुलूप काढायचे, मॅगझिन बसवायचे आणि बोल्ट मागे ओढून गोळी चेंबरमध्ये घ्यायची. एवढ्या अवधीत हल्लेखोर वाट पाहत उभा राहील, आणि मुले काचेआड सुरक्षित राहतील, असे गृहीत धरावे लागते. भरलेली रायफल सीटजवळच ठेवली तर या पायऱ्या वाचतात, हे मान्य. पण दुसऱ्या अडचणी सुरू होतात. भरलेली बंदूक १७ वर्षांखालील मुलाच्या हाती पडेल अशी ठेवणे हा टेक्ससमध्ये गुन्हा आहे. सार्वजनिक किंवा खासगी शाळेपासून १,००० फुटांच्या आत खासगी जागेबाहेर बंदूक नेण्यास संघराज्याचा कायदा मनाई करतो. राज्याचा (आता ऐच्छिक असलेला) बंदुकीचा परवाना असलेल्यांना त्यात सवलत आहे, तसा परवाना नसेल तर बंदूक रिकामी आणि कुलूपबंद पेटीत असावी लागते. फ्रिस्कोसारख्या उपनगरात एखाद्या शाळेच्या जवळून न जाता कोठेही पोहोचणे कठीण आहे, आणि सकाळी मुलांना सोडायला तर आपण फाटकापर्यंतच जाता. म्हणजे परवान्याशिवाय कायदा पाळून ठेवलेली रायफल वेळेवर हाती येत नाही, आणि वेळेवर हाती येईल अशी ठेवलेली कायद्यात बसत नाही. शिवाय १६ इंची नळीची एआर-१५ बंद गाडीत वळवणे अवघड असते, आणि तिचा आवाज १६० डेसिबलच्या घरात जातो. अशी एकच गोळी बंद काचांच्या गाडीत उडाली तरी मागच्या सीटवरील मुलांच्या कानांना कायमची इजा होऊ शकते. एरवी बंदुकीबद्दल भरभरून बोलणारे लोक याचा मात्र उल्लेख करत नाहीत.

चोरीचा मुद्दा माझ्या मते सर्वांत जड आहे. बंदुकांवर देखरेख करणाऱ्या संघराज्याच्या एटीएफ या संस्थेच्या अहवालानुसार २०१७ ते २०२१ या पाच वर्षांत खासगी व्यक्तींकडील १० लाखांहून अधिक बंदुका चोरीस गेल्याची नोंद झाली, आणि अलीकडच्या काळात अशा चोऱ्यांचे मोठे ठिकाण म्हणजे उभ्या असलेल्या गाड्या. ह्यूस्टनमध्ये महामार्गालगतच्या मोटेलांच्या आवारात सकाळी फिरलात तर गाडीच्या काचेचे ते बारीक हिरवट चौकोनी तुकडे डांबरावर पसरलेले अधूनमधून दिसतात. चोर आत काय आहे ते पाहत नाही, तो बाहेरचे पाहतो: बंदूक कंपनीचे स्टिकर, शिकारीच्या दुकानाची टोपी, पिकअप असणे. २०१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या पिअर १४ वर वडिलांसोबत फिरणाऱ्या एका तरुणीचा गोळी लागून मृत्यू झाला, ते पिस्तूल काही दिवसांपूर्वी एका संघराज्य रेंजरच्या गाडीतून चोरीस गेले होते. प्रशिक्षित, सरकारी सेवेतील माणसाची ही गत, तर मॉलच्या पार्किंगमध्ये दिवसभर गाडी सोडून जाणाऱ्या आपल्यासारख्यांचे काय? रायफल चोरीस गेल्यावर पोलिसांना सांगण्यासाठी तिचा अनुक्रमांक तरी किती जणांनी टिपून ठेवलेला असतो, देव जाणे. त्यात टेक्ससच्या उन्हाळ्यात बंद गाडीचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि दुर्बिणीचा नेम सततच्या हादऱ्यांनी सरकू शकतो, म्हणून डिकीत महिनोन्‌महिने पडलेल्या रायफलीवर आयत्या वेळी भरवसा ठेवता येत नाही.

‘रायफलमुळे अनेकांचे प्राण वाचले’ याची उदाहरणे आपल्याला सांगितली जातील, त्यांकडेही नीट पाहावे. ५ नोव्हेंबर २०१७ रोजी टेक्ससच्या सदरलँड स्प्रिंग्ज येथील चर्चमध्ये २६ जणांचा बळी घेणाऱ्या हल्लेखोराला शेजारच्या एका रहिवाशाने एआर-१५ ने जखमी केले. हा शौर्याचा प्रसंग खराच आहे, पण ती रायफल गाडीत नव्हती, घरच्या तिजोरीत होती. २०२२ साली इंडियाना राज्यातील ग्रीनवुडच्या मॉलमध्ये हल्लेखोराला रोखणाऱ्या तरुणाने वापरले ते अंगावर बाळगलेले पिस्तूल. माझ्या मनात घर करून राहिले आहे ते तिसरे उदाहरण. जून २०२१ मध्ये कोलोरॅडोतील अर्वाडा येथे एका माणसाने पोलिसाला ठार मारणाऱ्या हल्लेखोरावर स्वतःच्या पिस्तुलाने गोळी झाडली, मग त्याची एआर-१५ उचलून हातात घेतली, आणि नंतर आलेल्या पोलिसाने यालाच हल्लेखोर समजून ठार केले. रात्री महामार्गाच्या कडेला हातात रायफल घेऊन उभा असलेला गव्हाळ वर्णाचा माणूस प्रथम येणाऱ्या पोलिसाला कसा दिसेल, हे मी सांगण्याची गरज नाही.

आय-४५ चा प्रवास सुरक्षित करायचा असेल तर करण्यासारखे पुष्कळ आहे. डॅलस ते ह्यूस्टन अंतर साधारण २४० मैलांचे आहे. निघतानाच टाकी भरून घ्या आणि थांबायचे झाल्यास एनिस किंवा मॅडिसनव्हिल येथील बकीज या मोठ्या पेट्रोल पंपासारख्या उजेडाच्या, वर्दळीच्या जागी दाराजवळ गाडी लावून थांबा. सिग्नलला पुढच्या गाडीची मागची चाके दिसतील एवढे अंतर राखा, म्हणजे बाजूने काढून घेता येते. कोणी मागे लागला, हातवारे करू लागला तर नजर देऊ नका, घराच्या दिशेने वळू नका, दारे बंद ठेवून ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन लावा आणि ते सांगतील तिकडे गाडी चालवत राहा. टायर आणि शीतक यांची तपासणी मी सर्वांत वर ठेवीन, कारण रात्री निर्जन जागी अडकण्याचे कारण बहुतेक वेळा बिघडलेली गाडी हेच असते. शक्य असल्यास दिवसा निघा, हे सांगायलाही मला संकोच वाटत नाही.

ग्रीन कार्डानंतर आपण शेतजमीन घेतलीत, किंवा शिकारीसाठी रायफल न्यावी लागली, तर ती रिकामी ठेवा, गाडीच्या सांगाड्याला केबलने जखडलेल्या पोलादी पेटीत कुलपात ठेवा, काडतुसे वेगळी ठेवा आणि मुक्कामाला पोहोचताच ती आत न्या. राज्याची हद्द ओलांडताना १९८६ च्या संघराज्य कायद्याचे संरक्षण मिळते, मात्र निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या अशा दोन्ही ठिकाणी ती बंदूक कायदेशीर असली पाहिजे आणि वाटेत ती रिकामी व हाताला न लागेल अशी असली पाहिजे. न्यू जर्सीतील एडिसन गावच्या नातेवाइकांकडे जाताना टेक्ससमधली एआर-१५ सोबत नेणे त्यामुळे बाद होते, कारण त्या राज्यात अशा बहुतेक रायफलींवर १९९० पासून बंदी आहे.

आणि मैदानावर नेलेली बॅग भारताच्या प्रवासाला कधीही वापरू नका. तळाच्या शिवणीत राहून गेलेले एक काडतूस मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावरील यंत्रात दिसते आणि १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा दाखल होतो. ते आपल्या बॅगेत असल्याचे आपल्याला ठाऊक नव्हते, हे न्यायालयात पटवता येते, पण तोवर सुट्टी, परतीचे तिकीट आणि कधीकधी व्हिसाचे शिक्केही अडकून पडतात.