चोक ओढल्याशिवाय गाडी का चालत नाही?

आपण लिहिले आहे की आपली 2003 सालची स्प्लेंडर गरम झाल्यावरही चोक ओढूनच चालते आणि रेस सोडताच बंद पडते. चोक हवा अडवून मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण वाढवतो, त्यामुळे चोकवर गाडी सुधारते याचा अर्थ एरवी तिला पेट्रोल कमी मिळते किंवा कुठून तरी जादा हवा आत जाते.

सोलापूरच्या धुळीमुळे बरेच जण आधी एअर फिल्टरला दोष देतात. परंतु तुंबलेल्या फिल्टरने नेमके उलटे होते, म्हणजे काळा धूर येतो आणि प्लग काजळतो. (कागदी फिल्टर मात्र धुऊ नये, तो बदलावा.)

प्रथम गाडी चालू ठेवून कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) आणि इंजिन यांमधील जोडावर थोडे पाणी फवारावे. इंजिनचा आवाज बदलला तर तेथील ओ-रिंग (रबरी कडी) किंवा इन्सुलेटर (जोडातील उष्णतारोधक तुकडा) उन्हातान्हात कडक होऊन हवा ओढत आहे असे समजावे. तसे नसल्यास इंजिन थंड झाल्यावर कार्बोरेटर उतरवून स्लो जेट (रेस सोडल्यावर इंजिनला पेट्रोल पुरवणारी बारीक भोकाची नळी) काढावा, कार्बोरेटर क्लीनरने व हवेच्या दाबाने साफ करावा आणि त्यात तार कधीही घालू नये, कारण भोक किंचित जरी मोठे झाले तरी तो जेट निकामी होतो. मिश्रणाचा स्क्रू (हवा-पेट्रोलचे प्रमाण ठरवणारा) सोडवण्यापूर्वी तो पूर्ण आवळेपर्यंत किती फेरे बसतात ते मोजून लिहून ठेवावे.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर कार्बोरेटरच्या वाटीतील पेट्रोल काढून टाकावे. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषते, आणि त्यामुळे जेट पुन्हा तुंबू शकतो.